अर्धा र

पुसण्याआधी बघावं.
आरएमच्या जागी आधी एलएस लिहावं,
काय काय जाणार ते डोळ्यांनी मोजावं,
मगच एंटर.
एवढी अक्कल यायला
एका जास्तीच्या स्पेसनं माझं तीन महिन्यांचं काम खाल्लं.

उदगीर. मलशेट्टे प्रेसची माडी, भाडं बाराशे.
खालचं ट्रेडल मशीन बंद, त्यात मांजर व्यालीय.
माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती,
म्हणून काम ठेवतो लांबच्या सर्व्हरवर, टीमक्समध्ये.
लाइट गेली की इथं अंधार,
तिथं खिडकी उघडीच.
आली की अटॅच म्हणायचं,
कर्सर होता तिथंच लुकलुकत असतो.

मालक जिन्यात थांबून विचारतात,
"काय करूलालास रे दिवसभर?
काळ्या पाटीवर नुसत्या मुंग्या."
"अक्षरं सोडवूलालो, मामा."

प्रेस विकायला काढली त्या आठवड्यात
त्यांनी जुना कंप्युटर वर आणून ठेवला.
चार हजार दोनशे फायली.
लग्नं, बारशी, तेरव्या,
बाजार समितीच्या नोटिसा, हरवलेल्या म्हशीची जाहिरात.
सगळं मेलेल्या एका फॉन्टात.
उघडलं तर डॉलर, टक्का, उलटं प्रश्नचिन्ह.

सेड लिहीत गेलो.
पहिली वेलांटी तिथं अक्षराच्या पुढं उभी होती,
तिला मागं घेतलं.
रफार सगळ्यांच्या शेवटी टाकलेला,
त्याला उच्चाराप्रमाणं पुढं आणलं.
एकशे चौदा ओळी झाल्या आणि लग्नपत्रिका वाचता आली.
फक्त वऱ्हाडी आले ते 'वर्हाडी' होऊन,
प्रत्येकाच्या डोक्यावर रफार,
दुसऱ्याच लग्नाचा फेटा घातल्यासारखा.

मॅन पानात याचं उत्तर नव्हतं.
ते चौबाऱ्यामागच्या गल्लीत होतं,
नुसरत आपांकडं.
बावीस वर्षं त्यांनीच टाइप केलेलं सगळं.
आता शिलाई करतात, चष्मा दोरीनं बांधलेला.
"कोड? अब कहाँ याद रहता, बाबा."
मग मशीनच्या फळीवर बोटं ठेवली
आणि डोळे मिटून म्हणाल्या, "एक शब्द सांग."
म्हटलं, "भाकऱ्या."
बोटं चालली.
अंगठा ऑल्टवर, मग शून्य, एक, आठ, दोन.
टर्मिनलात कंट्रोल-आर दाबून
दोन अक्षरं टाकावीत
आणि कधीची विसरलेली कमांड
आख्खी वर यावी, तसं.
"थांब, अठ्ठ्याण्णवला साहेबांनी नवा फॉन्ट आणला,
त्यात एकशे त्र्याण्णव.
मी दोन्ही मिसळून मारले. घाई असायची लग्नसराईत."

म्हणजे अर्धे र दोन होते,
आणि मी तीन आठवडे एकच शोधत बसलेलो.

रात्री दोन ओळी वाढवल्या.
कमिट करताना लेखक म्हणून नाव टाकलं नुसरत शेख.
सकाळी दाखवलं तर म्हणाल्या,
"आणि हे विकणार कितीला?"
"फुकट. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं."
"मग चांगलं नसेल," म्हणत
त्यांनी सुईत दोरा ओवला.
पण नाव मोठं करून पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

आठ दिवसांनी तालिनहून कुणा मार्गसचा पॅच आला.
माझा एक लूप त्यानं मोडून सरळ केला,
चाळीस मिनिटांचं काम तीन मिनिटांवर.
मराठीचं एक अक्षर येत नाही त्याला.
टेस्ट पास झाल्या एवढ्यावरच विश्वास.
खाली विचारलेलं:
हा एक शब्द सगळ्या फायलींत आहे,
अर्धा र असलेला. याचा अर्थ काय?

बराच वेळ खोडलं, लिहिलं.
शेवटी कळवलं:
लांबून कुणाच्या तरी लग्नाला येतात ती माणसं.
नवरदेवाला सगळीच ओळखत नाहीत.
जेवतात,
आणि वाढायला हात कमी पडले
तर बाह्या सारून उठतात.

पाठवलं तेवढ्यात लाइट गेली.
खाली पिल्लं ओरडत होती.
पोचलं असेल.